मेल्कियादेस मेस्त्रीचे तेरा कोपरे

रुमिपाताच्या कोल्हेगल्लीत फोर्तुनाता पुमायाल्ली सत्तावीस वर्षं एकाच जागी बसून उकडलेली कणसं विकत होती, आणि या सत्तावीस वर्षांत तिने एकच गोष्ट नेटाने सांभाळली होती. ती म्हणजे स्वतःचं तोंड. ज्यांनी तिला गिऱ्हाइकांशी भांडताना ऐकलंय त्यांना हे पटायचं नाही. गल्लीत तिच्या बरोबर समोर हातगाडी लावून जवसाचा गरम काढा विकणाऱ्या बेनेदिक्ताला तर मुळीच पटलं नसतं, कारण त्या दोघींचं गेली अकरा वर्षं सावलीवरून वाजत होतं. पण एका विषयावर फोर्तुनाता खरोखरच मूग गिळून बसली होती.

तो विषय तिच्या पाठीमागेच होता. इंकांनी बांधलेल्या लांबलचक काळ्या भिंतीतला एक दगड, दोन माणसांनी हात पसरले तरी कवेत न येणारा. खालच्या बाजूला फोर्तुनाताचं पातेलं, कणसांची टोपली, चीजचा डबा आणि निळं प्लास्टिक टेकलेलं असे, आणि या सगळ्याच्या मधोमध सहा घागरे एकावर एक नेसलेली फोर्तुनाता. त्यामुळे दगडाचा खालचा भाग गावाने वर्षानुवर्षं पाहिलेलाच नव्हता.

दिवसातून चार वेळा प्रोफेसर कासिमिरो परदेशी लोकांची टोळी घेऊन तिथे यायचे. पूर्वी ते शाळेत इतिहास शिकवत, आता गाईडचं काम करत, पण गाव त्यांना अजून प्रोफेसरच म्हणायचं आणि तेही स्वतःला तेच समजायचे. हातातल्या वेताच्या छडीने ते दगडाचे कोपरे मोजत. कुस्कोच्या प्रसिद्ध दगडाला बारा कोपरे आहेत, आमच्या दगडाला तेरा, हे सांगताना त्यांची छाती इंचभर फुगायची. अकरा कोपरे मोजून झाले की छडी फोर्तुनाताच्या टोपीवर येऊन थांबे आणि "उरलेले दोन या बाईंच्या मागे" असं म्हणून ते पुढे सरकत. मग तेरा कोपरे म्हणजे वर्षाचे तेरा चंद्र, दोन दगडांच्या मध्ये दाढीचं पातंसुद्धा जाणार नाही, आणि सगळ्यात शेवटी ते वाक्य: "आजच्या काळात असा दगड घडवणारा माणूस जन्माला आलेला नाही."

हे वाक्य आलं की फोर्तुनाता पातेल्यात पळी इतक्या जोरात फिरवायची की पुढच्या रांगेतल्या पाहुण्यांच्या अंगावर गरम पाणी उडावं.

कारण तो दगड तिच्या बापाने घडवला होता.

पन्नास सालच्या भूकंपात भिंतीचा हा भाग ढासळला. मूळचा दगड फुटून त्याचे चार तुकडे झाले. पुढच्या वर्षी लिमाहून एक टायवाला इंजिनियर आला आणि त्याने गावातल्या मेल्कियादेस पुमायाल्ली या पाथरवटाला बोलावून सांगितलं, की शनिवारी मोठे पाहुणे येणार आहेत, तोवर भोक बुजव, आणि असं बुजव की इंकांनीच बुजवलंय असं वाटलं पाहिजे. वर, कुणाला बोलायचं नाही. मेल्कियादेस मेस्त्री कामाला लागला. फोर्तुनाता तेव्हा सहा वर्षांची. बापाचं जेवण घेऊन ती रोज यायची आणि संध्याकाळपर्यंत दगडाच्या कपच्यांत खेळत बसायची.

दगडाला तेरा कोपरे आले ते चंद्रांमुळे नव्हे. मेस्त्रीचा पहिला कोपरा चुकला म्हणून आले. तो चुकला तो सावरायला दुसरा काढला, दुसऱ्याने शेजारचा दगड बसेना म्हणून तिसरा, आणि असं करत करत शनिवार उजाडेपर्यंत तेरा झाले. प्रत्येक कोपऱ्याला मेस्त्रीने एकेक शिवी हासडली होती. पण शेवटी दगड असा बसला, की स्वतः मेस्त्रीही दोन पावलं मागे जाऊन बघत राहिला. मग कुणाचं लक्ष नसताना त्याने खाली, जमिनीलगत, नावाची दोन अक्षरं आणि साल कोरलं. इंजिनियरला दिलेला शब्द त्याने मरेपर्यंत पाळला. मुलीलाही पाळायला लावला. ती विधवा झाल्यावर कणसं विकायला बसली ती नेमकी त्या अक्षरांना पाठ लावून, आणि लोक म्हणाले की बाईने जागा चांगली हेरली, इथे ऊन येत नाही.

तर असं सगळं सुरळीत चाललेलं असताना आमच्याकडच्या जूनच्या कडक थंडीत गावात तो चित्रं काढणारा ग्रिंगो, म्हणजे गोरा परदेशी, आला.

त्याचं नाव वाउटर. हॉलंडमध्ये पुलांचे नकाशे काढण्यात त्याचं आयुष्य गेलं, आणि निवृत्त झाल्यावर तो एक घडीचं स्टूल, एक वही आणि डझनभर पेन्सिली घेऊन जग बघायला निघाला. उंची एवढी की आमच्या दारांतून वाकून जावं लागे, आणि स्पॅनिश पुस्तकातून शिकलेला, त्यामुळे गल्लीतल्या कुत्र्यालाही तो "आपण कृपया बाजूला व्हाल का" असं विचारायचा. गावाने त्याचं नाव उच्चारायचा दोन दिवस प्रयत्न केला आणि तिसऱ्या दिवशी त्याला पेन्सिलवाला करून टाकलं.

पेन्सिलवाल्याला गल्लीतलं रोजचं जगणं चितारायचं होतं. पाववाली पाव विकतेय, चांभार टाच ठोकतोय, बाया बसून लोकर काततायत, ओझं वाहणारा लोकरी लामा कुणाच्यातरी दारातली फुलं खातोय, असं. पहिले दोन दिवस त्याला ते मिळालंही. तिसऱ्या दिवशी मात्र गल्लीला पत्ता लागला की आपण वहीत जातोय, आणि रोजचं जगणं बंद पडलं. पाववाली लग्नातली शाल पांघरून, हात मांडीवर ठेवून, श्वास रोखून बसली. गिऱ्हाइकाने पाव मागितला तर ओठ न हलवता म्हणाली की नंतर या. चांभाराने दुकानातले फाटके बूट लपवून शेजाऱ्याचे नवे कोरे बूट मांडले. बेनेदिक्ता सणाचा घागरा नेसून, केसांत दोन ठिकाणी फुलं खोचून, काढ्याच्या गाडीशेजारी अशी उभी राहिली की तिच्याकडून काढा मागायला लोकांना भीती वाटू लागली. लामासुद्धा कुणीतरी धुवून आणला.

पेन्सिलवाला बिचारा हात जोडून सांगायचा की आपण कृपया आपलं काम करावं. लोक म्हणायचे हो हो, आणि आणखी ताठ व्हायचे.

फोर्तुनाता तेवढी त्याच्याकडे पाठ फिरवून बसे. म्हणजे निम्मीच, कारण पूर्ण पाठ फिरवली तर दगडाकडे तोंड होई आणि मागची अक्षरं दिसायचा धोका. बेनेदिक्ताने याचा अर्थ लावला की बाईला आपल्या नाकाची लाज वाटते, आणि तो अर्थ तिने गल्लीभर पोचवला.

माणसं अशी दगड होऊन बसल्यावर पेन्सिलवाल्याने कंटाळून खरे दगड काढायला घेतले. भिंतीसमोर स्टूल मांडलं आणि पुलांच्या नकाशांत जन्म घालवलेल्या माणसासारखा एकेक सांधा, एकेक टवका, एकेक टाकीचा घाव वहीत उतरवू लागला. फोर्तुनाताने टोपली दगडाला आणखी चिकटवली. इंकांनी दगड घडवले ते दगडाने ठोकून, त्यामुळे त्यांच्यावर देवीच्या व्रणांसारखे बारीक खळगे असतात. तिच्या बापाकडे लोखंडाची टाकी होती. तिचे तिरपे ओरखडे शेवाळाखाली, काजळीखाली, पन्नास वर्षांच्या पावसाखाली अजून होते. प्रोफेसरांच्या छडीला ते कधी दिसले नव्हते. पेन्सिलीला दिसले.

दोन दिवस तो माणूस तिथून हलला नाही. नुसता वहीकडे बघायचा, दगडाकडे बघायचा, चष्मा पुसायचा. फोर्तुनाताने त्याला फुकट कणीस देऊन पाहिलं, उगाच नातवंडांची चौकशी केली, पातेल्याचं झाकण उघडून वाफेचा पडदा करून पाहिला. काही उपयोग झाला नाही.

गुरुवारी सकाळी प्रोफेसर चाळीस पाहुण्यांची टोळी घेऊन आले. तेरा चंद्र झाले, दाढीचं पातं झालं, आणि ते नेहमीचं वाक्य त्यांच्या ओठांवर येतंय तोच पेन्सिलवाला स्टुलावरून उठला. आपण कृपया माफ कराल का, असं म्हणून त्याने वही पुढे धरली आणि अतिशय नम्रपणे सांगितलं, की हा दगड इंकांचा नाही. यावर लोखंडी टाकीचे घाव आहेत. हा मागाहून बसवलेला आहे.

प्रोफेसरांचा चेहरा पाव फुगावा तसा फुगला. त्यांनी सांगितलं की ते घाव पावसाचे आहेत. पेन्सिलवाला म्हणाला की पाऊस असा तिरपा, एका मापाने आणि उजव्या हाताने पडत नाही. पाहुणे हसले. प्रोफेसर चिडून म्हणाले, मग सांगा, असा दगड आजचा कुठला माणूस घडवेल? तेव्हा पेन्सिलवाल्याने खांदे उडवले आणि त्याच्या पुस्तकी स्पॅनिशमध्ये एक वाक्य बोलला. त्याचा हेतू वाईट नव्हता. त्याला योग्य शब्द सापडला नाही, एवढंच.

"कुणीतरी कच्च्या हाताचा," तो म्हणाला. "सारखा चुकलेला दिसतोय."

चुकलेला हे खरंच होतं. पण खरं असणं वेगळं आणि ते एका परक्याने चाळीस लोकांसमोर बोलणं वेगळं. फोर्तुनाता उठून उभी राहिली. सत्तावीस वर्षांत ती गिऱ्हाईक समोर असताना कधी उठली नव्हती, त्यामुळे गल्लीतले लोक आपोआप दोन पावलं मागे सरले.

"कच्चा हात तुझा," ती पेन्सिलवाल्याला म्हणाली. "नकाशे काढून जन्म गेला, कधी एक दगड उचललास? आणि तुम्ही, प्रोफेसर. दिवसाला चारदा सांगता, असा माणूस जन्मालाच आला नाही म्हणून. आला होता. या गावात आला होता, वरच्या आळीत राहायचा, आणि तुमच्या घराचा उंबराही त्यानेच बसवलाय. हा दगड माझ्या बापाने घडवला. मेल्कियादेस पुमायाल्लीने."

फोर्तुनाताला वाटलं, आता आकाश कोसळणार. पर्यटक परत जाणार, कोल्हेगल्ली ओस पडणार, इंजिनियरचं भूत लिमाहून येणार.

तसं काहीच झालं नाही. कारण कुणाचा विश्वासच बसला नाही.

आधी बेनेदिक्ता हसली. मग पाववाली, मग चांभार, मग काय चाललंय हे न कळलेले चाळीस पाहुणेही हसले. फोर्तुनाताने रागारागाने पातेलं सरकवलं, टोपली सरकवली, निळं प्लास्टिक ओढून काढलं आणि जमिनीलगतची अक्षरं दाखवली. एम. पी., एक्कावन्न. प्रोफेसर गुडघ्यावर बसले, चष्मा लावला, आणि उठताना त्यांच्या चेहऱ्यावर रंग परत आला होता. स्पॅनिशमध्ये नगरपालिकेच्या नावाची पहिली अक्षरंही तीच येतात. नगरपालिकेने एक्कावन्न साली भिंतीची मोजणी केली असणार, तिची ही खूण, असं त्यांनी जाहीर केलं. पाहुण्यांनी त्या खुणेचेही फोटो काढले.

"दोन्या फोर्तुनाता," बेनेदिक्ता काढा ओतता ओतता, भांडतानाही न सोडलेल्या अदबीने तिला दोन्या, म्हणजे बाईसाहेब, म्हणत बोलली, "तुझ्या बापाने माझ्या आईला डुकराचं खुराडं बांधून दिलं होतं. तिसऱ्या दिवशी डुक्कर बाहेर. दारातून नाही गं, भिंतीतून."

फोर्तुनाताने त्या दिवशी दुपारीच पातेलं आवरलं. घरी जाऊन ती बटाटे सोलायला बसली आणि दहा बटाट्यांची सालं काढून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण चार जणांच्या जेवणाएवढे सोललेत आणि घरात आपण एकटीच. गुपित फुटेल याची भीती बाळगत तिने उभं आयुष्य काढलं होतं. फोडल्यावर कुणी घेणारच नाही, ही शक्यता तिला सुचलीच नव्हती. बापाचा दगड जाऊ दे, बापाचं डुकराचं खुराडं मात्र गावाच्या बरोबर लक्षात होतं. ती रागावली, मग थोडी रडली, मग परत रागावली, आणि त्या दुसऱ्या रागात तिला तायता हेर्मोहेनेस आठवला.

हेर्मोहेनेस म्हणजे गाव ज्याला तायता, म्हणजे बाबा, म्हणायचं असा वरच्या आळीतला ऐंशी ओलांडलेला म्हातारा. तरुणपणी तो मेस्त्रीच्या हाताखाली होता. कानाने ठार बहिरा, पण दात शाबूत आणि स्मरणशक्तीविषयी स्वतःचं मत फार चांगलं. शुक्रवारी सकाळी कणसांचं पातेलं गल्लीत मांडून फोर्तुनाता चढण चढून त्याच्याकडे गेली. अर्धा तास ओरडून तिने त्याला विषय समजावला, तोवर शेजारच्या चार घरांनाही तो समजला. म्हाताऱ्याने अंघोळ करायचा हट्ट धरला, कोट शोधला, टोपी झटकली, आणि मग तीनचाकीत बसून दोघं खाली आली. तोपर्यंत बातमी त्यांच्या आधी पोचली होती आणि कोल्हेगल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. प्रोफेसर हाताची घडी घालून उभे होते. पेन्सिलवाला स्टुलावर, वही उघडून तयार.

फोर्तुनाताने म्हाताऱ्याचा हात धरून त्याला दगडासमोर नेलं आणि त्याच्या कानाला तोंड लावून विचारलं, "तायता, सांगा सगळ्यांना. हा दगड कुणी घडवला?"

हेर्मोहेनेसने दगडावरून हात फिरवला. त्याचे डोळे भरून आले. मग तो लोकांकडे वळला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "मी."

लोक इतके हसले की लामा बिथरला. फोर्तुनाताने म्हाताऱ्याचा दंड असा दाबला की कोटाची शिवण उसवली. ती त्याच्या कानात ओरडली की तुम्ही नाही, माझा बाप. म्हाताऱ्याने शांतपणे सांगितलं की हो, तुझा बापही तिथे होता, मला मदत करायचा. प्रोफेसरांनी छडी वर करून लोकांना सांगितलं की बघा, आता दोन झाले, दुपारपर्यंत पाच होतील, आणि यावरूनच सिद्ध होतं की दगड इंकांचा आहे.

तेव्हा फोर्तुनाताच्या डोक्यात काहीतरी तडकलं. तिने प्रोफेसरांच्या हातातून छडी काढून घेतली. अगदी शाळेतल्यासारखी दगडावर टेकवली, वरच्या डाव्या कोपऱ्यावर.

"हा पहिला," ती म्हणाली. "हा चुकला तेव्हा माझा बाप टाकीला म्हणाला, आंधळ्या घुबडाची अवलाद. हा दुसरा. इथे तो लिमाच्या इंजिनियरला म्हणाला, की त्या टायने गळा आवळून घे म्हणजे मला उजेड तरी मिळेल. हा तिसरा. इथे म्हणाला, की हा माझ्या सासूच्या जिभेपेक्षा वाकडा गेला."

कुणीतरी फिसकन हसलं. फोर्तुनाता थांबली नाही. चौथ्या कोपऱ्याला मेस्त्रीने लाथ मारणाऱ्या खेचराच्या सात पिढ्या काढल्या होत्या, पाचव्याला स्वतःच्या, सहाव्याला संत सान्तियागोच्या घोड्याला काहीतरी बोलून लगेच छातीवर क्रूस केला होता. फोर्तुनाताने तो क्रूसही करून दाखवला, बापासारखा, डाव्या हाताने, कारण उजव्यात हातोडा. तिचा आवाजही बदलला होता. वरच्या आळीत वाढलेल्या म्हाताऱ्यांना तो आवाज ओळखीचा वाटू लागला आणि त्यांनी टोप्या काढल्या. सातवा झाला, छडी आठव्यावर आली.

"दगड घासायला बारीक वाळू लागते," ती म्हणाली. "ती आणायला एक माणूस ठेवला होता. त्याने आणली ती बघून बाप म्हणाला, तेओफिलो, ही वाळू आहे की हरभरे? तुझ्या डोक्यात मावतील तेवढे ठेव, बाकीचे नदीत टाक."

तेओफिलो हा बेनेदिक्ताचा बाप. सगळी गल्ली बेनेदिक्ताकडे वळली. ती लालबुंद झाली, काढ्याची पळी उगारली, आणि पळी हवेत असतानाच तिच्या डोक्यात उजेड पडला.

"म्हणजे माझा बाप तिथे होता," ती म्हणाली. आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं, "वाळू आमच्या बापाची आहे या दगडाला. आई सांगायची मला, एक्कावन्न साली तुझ्या बापाला वाळूवरून शिव्या बसल्या म्हणून. आम्हाला वाटायचं, घराच्या कामावर. पुढे बोल गं, फोर्तुनाता. ए, गप्प बसा रे सगळे."

अकरा वर्षांत बेनेदिक्ताने तिला पहिल्यांदाच नुसत्या नावाने हाक मारली होती. त्या धक्क्याने म्हणा किंवा कशाने म्हणा, फोर्तुनाता नवव्या कोपऱ्याशी येऊन अडली. तिने छडी टेकवली, तोंड उघडलं, आणि काहीच आठवेना. दहावा आठवत होता, तेरावा आठवत होता, नववा गेला. तिने डोळे मिटले, परत पहिल्यापासून पुटपुटत आली, परत तिथेच अडली. प्रोफेसरांनी घसा साफ केला. त्यांच्या ओठांवर हळूहळू हसू उमटायला लागलं होतं.

हेर्मोहेनेसला यातलं काही ऐकू आलेलं नव्हतं. पण छडी कोपऱ्याकोपऱ्याने कशी फिरतेय ते तो बघत होता आणि त्याचे ओठ मघापासून हलत होते. छडी नवव्यावर थांबली तशी तो पुढे झाला, छातीवर हात मारला आणि मेस्त्रीच्या आवाजात, बहिऱ्या माणसाच्या ताकदीने ओरडला:

"हेर्मोहेनेस, गाढवा, डावीकडे सरक म्हटलं तर माझ्या डावीकडे, तुझ्या नव्हे!"

आधी कुणालाच काही कळलं नाही. मग चांभाराला कळलं आणि तो भिंतीला धरून खाली बसला. पाववालीने शालीत तोंड खुपसलं. म्हातारा अभिमानाने सगळ्यांकडे बघत होता. आपण स्वतःच्या तोंडाने काय कबूल केलं हे त्याच्या ध्यानात यायला बराच वेळ लागला, आणि आलं तेव्हा त्याने टोपी डोळ्यांवर ओढून घेतली.

फोर्तुनाता मात्र हसली नाही. दहाव्याला पावसाला शिवी, अकराव्याला नुसती थुंकी. बाराव्यावर तिने छडी टेकवली.

"इथे तो इंकांना बोलला," ती म्हणाली. "म्हणाला, तुमच्याकडे शंभर वर्षं होती रे, माझ्याकडे शनिवारपर्यंतचाच वेळ आहे."

"आणि तेरावा?" हे प्रोफेसरांनी विचारलं. त्यांचा आवाज शाळेत शेवटच्या बाकावर बसलेल्या पोरासारखा आला.

"तेराव्याला शिवी नाही दिली. दगड बसला. बाप दगडाला थोपटत म्हणाला, बस, बाई, दमलीस." एवढं बोलून फोर्तुनाताने छडी प्रोफेसरांच्या हातात परत दिली, घागऱ्याच्या काठाने नाक पुसलं आणि ओरडून विचारलं की आता कणसं कुणाला हवीत की नुसतेच फुकट ऐकायला आलात. पाऊण तासात पातेलं रिकामं झालं.

पेन्सिलवाला स्टूल घडी करून तिच्यापाशी आला. त्याने बराच वेळ खिशातल्या लहानशा शब्दकोशात बोट घालून ठेवलं होतं. कच्चा हा शब्द आपण अतिशय चुकीचा वापरला, असं म्हणून तो कमरेतून वाकला. आपणही पुलांच्या नकाशांत खूप चुका केल्या, पण त्यांतला एकही पूल इतका छान बसला नाही, असंही म्हणाला. फोर्तुनाताने त्याला सांगितलं की माफ केलं, पण मग माझं चित्र काढलंयस ते दाखव. त्याने वही उलटी करून दाखवली. सगळी गल्ली पहिल्यांदाच विसरून गेली होती की आपण वहीत जातोय, आणि त्या अर्ध्या तासात त्याने हात न थांबवता काढलं होतं: पळी उगारलेली बेनेदिक्ता, खाली बसलेला चांभार, बिथरलेला लामा, टोपीआड गेलेला म्हातारा. आणि मधोमध, तोंड उघडं, छडी उगारलेली, ती.

फोर्तुनाताने चित्र हातभर लांब धरून पाहिलं, मग जवळ धरून पाहिलं.

"नाक एवढं नाहीये माझं," ती म्हणाली.

"आहे," बेनेदिक्ता तिच्या खांद्यावरून वाकून म्हणाली.

ते पान पेन्सिलवाल्याने फाडून तिला दिलं. पुढच्या सोमवारच्या बसने तो पुनोकडे गेला. बसमध्ये शिरताना त्याचं डोकं दाराला आपटलं तेव्हा निरोप द्यायला आलेल्या निम्म्या गावाला हळहळ वाटली.

प्रोफेसर दोन दिवस घराबाहेर पडले नाहीत. त्यांच्या बायकोने सांगितलं की ते उंबऱ्याकडे बघत बसलेत. तिसऱ्या दिवशी ते नवी टोळी घेऊन आले, इंकांच्या दगडांपाशी इंकांचं बोलले, आणि तेरा कोपऱ्यांपाशी येऊन थांबले. छडीने मोजत त्यांनी एकेका शिवीचं सभ्य भाषांतर करायला सुरुवात केली. पाहुण्यांना ते तेरा चंद्रांपेक्षा कितीतरी जास्त आवडलं. चौथ्या कोपऱ्याचं भाषांतर कडक नाही म्हणून फोर्तुनाता बसल्या जागेवरून दुरुस्त्या सांगू लागली, आणि प्रोफेसर त्या लिहूनही घेऊ लागले.

पण गोष्ट तिथे थांबली नाही. एका दगडामागे एवढी माणसं होती म्हटल्यावर गावातल्या प्रत्येक घराला आपापला आजा आठवायला लागला. चांभाराच्या आजोबाने म्हणे शेजारचा दगड उचलून दिला होता. पाववालीच्या आजोबाने त्याच्या पलीकडचा घडवलाच होता. नगरपालिकेतल्या कारकुनाने तर वेशीजवळची अख्खी कमान आपल्या पणजोबाच्या नावावर केली, तीही एका हाताने बांधलेली. महिन्याभरात इंकांच्या वाट्याला कोल्हेगल्लीत जेमतेम चार दगड उरले, आणि त्यांतल्या दोनांवर बेनेदिक्ताचा डोळा होता. शेवटी प्रोफेसरांना घरोघर फिरून हात जोडावे लागले, की इंकांनाही काहीतरी बांधू द्या.

हेर्मोहेनेसचा प्रश्न मात्र सुटेना. तो रोज सकाळी कोट घालून खाली यायचा, दगडाला टेकून बसायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा की हा मी घडवला. फोर्तुनाताने ओरडून पाहिलं, भांडून पाहिलं, एकदा त्याची टोपी लपवून पाहिली. म्हातारा ऐकत नव्हता आणि त्याला ऐकूही येत नव्हतं. त्याच्या घरी कुणी उरलं नव्हतं आणि सकाळचं तो काही खाऊन येत नाही, हे बेनेदिक्ताने चौकशी करून आणलं. त्यानंतर दोघींनी मिळून ठरवलं. रोज सकाळी फोर्तुनाता त्याच्या हातात चीज लावलेलं गरम कणीस ठेवते, बेनेदिक्ता काढ्याचा पेला ठेवते, आणि दुपारी बारापर्यंत दगड हेर्मोहेनेसचा असतो. बाराची घंटा झाली की तो पाय ओढत वरच्या आळीत झोपायला जातो, आणि तिथून पुढे संध्याकाळपर्यंत दगड मेल्कियादेस मेस्त्रीचा.

सकाळच्या पाहुण्यांनी संध्याकाळच्या पाहुण्यांना गाठून कधी विचारलंच, तर प्रोफेसर सांगतात की दगड मोठा आहे, दोघांना पुरतो.